मान त्यांचा, धन कुणाचे?

'गाला' हा शब्द आता आपल्याकडेही रुळू लागला आहे. पूर्वी आपण 'मदतीचा प्रयोग' म्हणत असू. नाट्यगृह घ्यायचे, बऱ्यापैकी नाटक लावायचे, देणगी-प्रवेशिकांची पुस्तके पर्समध्ये घालून दारोदार हिंडायचे आणि मध्यंतरात स्मरणिका विकायची. गालामध्ये यातले काही नसते. तारांकित हॉटेलातला हॉल, गोल टेबले, प्रत्येक टेबलाची ठरलेली किंमत, आणि मध्यभागी सत्कारमूर्ती. ही सत्कारमूर्ती स्त्री असावी, अशी आता पद्धत पडते आहे. त्यातही समकालीन कलाक्षेत्रातली स्त्री : चित्रकार, शिल्पकार, संग्रहालयाची संचालिका, कलादालन चालवणारी. तिच्या 'नेतृत्वा'चा गौरव करायचा, टाळ्या वाजवायच्या, आणि त्या संध्याकाळी जमलेला पैसा एखाद्या सेवाभावी संस्थेच्या कामाला लावायचा.

यात वाईट ते काय, असे कुणीही विचारील. बायकांनी आयुष्यभर चित्रे काढायची आणि कौतुक मात्र 'प्रोग्रेसिव्ह' पुरुषांचे व्हायचे, हे आपण पाहिलेच आहे. तेव्हा सत्कार होऊ द्या, अगदी वाजतगाजत होऊ द्या. पण सत्कार हे आता एक चलन झाले आहे. नोट बायकांच्या नावाने छापली जाते आणि वटवतो दुसराच कुणीतरी. भांडण आहे ते तिथे.

ही प्रथा मुळात अमेरिकेची. तिथली बहुतेक मोठी कलासंग्रहालये सरकारी नाहीत. ती नफा न कमावणाऱ्या खाजगी संस्था आहेत, आणि त्यांच्या विश्वस्त मंडळांवर बसणारे लोक गडगंज असतात. वर्षातून एकदा हे लोक आणि त्यांचे मित्र टेबले विकत घेतात. जेवणाची जी काही किंमत असेल ती वजा जाता उरलेली रक्कम दान धरली जाते आणि तिच्यावर करसवलत मिळते. म्हणजे त्या पैशाचा काही हिस्सा सरकारी तिजोरीतूनच गेलेला असतो, पण आभार मानले जातात ते टेबल घेणाऱ्याचे. बरे, कलावंताने स्वतःचे चित्र दान दिले तर? १९६९ च्या कायद्यापासून त्याला किंवा तिला सवलत मिळते ती फक्त कॅनव्हास आणि रंगांच्या खर्चाची. तेच चित्र विकत घेऊन वर्षभराहून जास्त काळ जवळ ठेवलेल्या संग्राहकाने संग्रहालयाला दिले, तर त्याला बाजारभावाने सवलत मिळू शकते. हा नियम स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे हे खरे. पण देणारे हात बायकांचे आणि घेणारे संग्राहक बहुतांश पुरुष असले, की त्याचा अर्थ काय होतो हे आपल्याला फोड करून सांगायला नको. घरकामाला आपण याच नजरेने पाहत आलो आहोत : पीठ-मिठाचा हिशेब धरायचा, राबणारीचा धरायचा नाही.

या सगळ्याचे सर्वांत उघडे दर्शन मला ज्या एका संध्याकाळीत होते, ती जरा सविस्तर सांगते.

१२ नोव्हेंबर २०११ रोजी लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयाने आपला वार्षिक गाला केला. त्या संध्याकाळची आखणी सोपवली होती मरीना अब्रामोविच हिच्याकडे. १९४६ साली बेलग्रेडला जन्मलेली ही कलावती आपले शरीर हेच माध्यम मानणाऱ्या कलेतले आज जगातले बहुधा सर्वांत मोठे नाव. आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ती दिवसामागून दिवस, सगळे मिळून सातशेहून अधिक तास, एका खुर्चीवर निश्चल बसली होती आणि लोक तिच्यासमोर बसायला रांगा लावत होते. तेव्हा 'समकालीन कलेतले स्त्री-नेतृत्व' म्हणून कुणाला बोलवायचे असेल, तर तिच्याइतके योग्य नाव दुसरे नव्हते.

एका टेबलाची किंमत २५ हजार ते १ लाख डॉलर. पाहुण्यांना अंगावर घालायला पांढरे कोट दिले होते. टेबलांच्या मधोमध भोके होती, आणि त्या भोकांतून जिवंत माणसांची डोकी वर आलेली होती. ती माणसे टेबलाखाली गुडघ्यांवर बसून सावकाश फिरत होती आणि जेवणाऱ्यांच्या डोळ्यांत रोखून बघत होती. काही टेबलांवर नग्न माणसे अंगावर हाडांचा सापळा घेऊन पडली होती, अब्रामोविचच्याच एका जुन्या कलाकृतीप्रमाणे. शेवटी तिच्या आणि गायिका डेबी हॅरीच्या पूर्णाकृती देहांचे केक आले, ते कापले गेले आणि वाटले गेले. संग्रहालयाला सुमारे २५ लाख डॉलर मिळाले. टेबलाखाली बसणाऱ्यांना आणि टेबलावर पडणाऱ्यांना प्रत्येकी १५० डॉलर मिळाले, आणि वर संग्रहालयाचे वर्षभराचे सभासदत्व.

याविरुद्ध आवाज उठवला तोही एका बाईनेच. यव्हॉन रेनर ही नृत्यकलावंत आणि चित्रपटकर्ती तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेली होती. तिने संग्रहालयाच्या संचालकांना जाहीर निषेधाचे पत्र पाठवले आणि त्यावर इतर कलावंतांनी सह्या केल्या. तालीम बघितल्याशिवाय बोलू नका, असे तिला सुनावले गेले. ती तालीम बघायला गेली, आणि बघून आल्यावरही तिचे मत बदलले नाही. आणखी एक पत्र आले ते सारा वूकी या नर्तिकेचे. टेबलावर नग्न पडण्यासाठी तिची निवड झाली होती आणि तिने नकार दिला होता. तिने लिहिले ते असे : पंधरा तासांची तालीम, प्रत्यक्ष कार्यक्रमात जवळजवळ चार तास न बोलता पडून राहायचे, पाहुण्यांपैकी कुणी छेड काढली तरी दुर्लक्ष करायचे, निवडचाचणीत काय झाले ते बाहेर बोललात तर दहा लाख डॉलरच्या दाव्याची धमकी असलेल्या कागदावर सही करायची, आणि मोबदला १५० डॉलर.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अब्रामोविचचे म्हणणे असे, की या कंटाळवाण्या जेवणावळींना मला काही गांभीर्य द्यायचे होते. सादरकर्त्यांपैकी काहींनी सांगितले, की आम्ही स्वखुशीने आलो, आम्हाला हा अनुभव मोलाचा वाटला. त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही. पण 'स्वखुशीने' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. भावाच्या नावे हक्कसोडपत्र लिहून देणाऱ्या प्रत्येक बहिणीच्या कागदावर तो असतोच की!

मला अस्वस्थ करते ते वेगळेच. हीच अब्रामोविच १९७४ साली इटलीतल्या नेपल्समध्ये सहा तास लोकांसमोर उभी राहिली होती. टेबलावर ७२ वस्तू मांडल्या होत्या, गुलाबापासून पिस्तुलापर्यंत, आणि लोकांना मुभा होती की यातले काहीही माझ्यावर वापरा. लोकांनी तिचे कपडे कापले, तिच्या अंगावर जखमा केल्या, भरलेले पिस्तूल तिच्यावर रोखले गेले. 'काहीही करा' म्हटले की बाईच्या शरीराचे काय होते, हे तिने स्वतःच्या अंगावर सोसून जगाला दाखवून दिले होते. त्याच बाईच्या आखणीत सदतीस वर्षांनी दुसऱ्यांची शरीरे टेबलावर आली आणि ती स्वतः यजमानीण झाली. या सदतीस वर्षांत ती वाईट झाली, असे मी म्हणत नाही. ज्या खुर्चीवर तिला बसवले, त्या खुर्चीचे कामच ते होते. नेतृत्व म्हणून बाईला बसवले जाते ते बहुतेक वेळा सुनेवर सासू बसवावी तसे. आणि मग सगळे तिच्याकडेच बोट दाखवतात. हिशेबाची वही ज्याच्या हातात असते त्याच्याकडे कुणी बघतही नाही.

ती वही बघायला हवी. २०१९ साली अमेरिकेतल्या २६ मोठ्या कलासंग्रहालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. २००८ ते २०१८ या काळात त्यांच्या संग्रहात आलेल्या सुमारे २ लाख ६० हजार कलाकृतींपैकी स्त्रियांच्या होत्या ११ टक्के. प्रदर्शनांमध्ये हे प्रमाण १४ टक्के. याच दशकात स्त्री-कलावंतांचे सत्कार, पुरस्कार, जेवणावळी यांना ऊत आला होता. पाहणी करणाऱ्यांनी विचारले तेव्हा अनेक संग्रहालयांना स्वतःच्या आकड्याचे आश्चर्य वाटले म्हणे. त्यांना वाटत होते, आपण केव्हाच बदललो! समारंभाचा हा पहिला उपयोग. न केलेले काम केल्यासारखे वाटते.

आणि संचालिका? २०१७ च्या एका अभ्यासात उत्तर अमेरिकेतल्या कलासंग्रहालयांच्या प्रमुखपदी ४८ टक्के स्त्रिया दिसल्या. ऐकायला बरे वाटते. पण पुरुष-संचालकाला एक डॉलर मिळत असेल तर त्यांना सरासरी ७३ सेंट मिळत होते, कारण संस्था जितकी मोठी आणि अंदाजपत्रक जितके जाड, तितक्या बायका कमी.

बाई वर बसली म्हणजे खालच्या बायकांचे भले होतेच, असेही नाही. न्यूयॉर्कचे न्यू म्युझियम हे एका बाईने, मार्शा टकर हिने, १९७७ साली स्थापन केले. आधीच्या मोठ्या संग्रहालयातून काढून टाकल्यावर तिने हा खटाटोप केला होता. पुढे १९९९ पासून अनेक वर्षे त्याची संचालिकाही स्त्रीच होती. अशा संस्थेतल्या नोकरदारांना जानेवारी २०१९ मध्ये कामगार संघटना करावी लागली. मतदान झाले ३८ विरुद्ध ८. व्यवस्थापनाने संघटना होऊ नये म्हणून सल्ला देणारी बाहेरची कंपनी नेमली होती. पुस्तकांच्या दुकानात उभे राहणाऱ्या, भिंतींवर चित्रे चढवणाऱ्या, प्रदर्शनांच्या टिपणी लिहिणाऱ्या मुलींनी मागितले काय, तर त्या शहरात जगता येईल एवढा पगार. या मुलींना कुठल्या गालात नेतृत्व म्हणून बोलावलेले माझ्या तरी वाचनात नाही.

उलट बाजूने, मानाच्या खुर्चीचा वापर कसा करता येतो तेही एका बाईनेच दाखवले. छायाचित्रकार नॅन गोल्डिन वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात सापडली आणि त्यातून बाहेर आली. त्या गोळ्यांवर श्रीमंत झालेल्या सॅकलर कुटुंबाचे नाव तिला ठिकठिकाणच्या संग्रहालयांच्या भिंतींवर दिसत होते. मार्च २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या त्याच नावाच्या दालनात तिने आणि तिच्या साथीदारांनी गोळ्यांच्या बाटल्या फेकल्या. लंडनच्या एका संग्रहालयाला तिने कळवले, की या कुटुंबाची देणगी घेणार असाल तर माझे प्रदर्शन नको. मार्च २०१९ मध्ये ती दहा लाख पौंडांची देणगी रद्द झाली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये मेट्रोपॉलिटनने ते नाव आपल्या दालनांवरून उतरवले. तिच्या चित्रांवाचून त्यांचे अडत होते, आणि ते तिला ठाऊक होते.

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या चित्रकार नलिनी मलानी १९७९ साली न्यूयॉर्कला गेल्या असताना त्यांनी तिथली ए.आय.आर. ही गॅलरी पाहिली. १९७२ मध्ये स्त्री-कलावंतांनी एकत्र येऊन, स्वतः वर्गणी काढून, सहकारी पद्धतीने चालवलेले ते कलादालन. परत आल्यावर स्त्री-चित्रकारांचे एकत्र प्रदर्शन करायचे त्यांच्या मनात होते. ते प्रत्यक्षात यायला आठ वर्षे गेली. १९८७ ते १९८९ या काळात अर्पिता सिंग, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि मलानी या चौघींचे प्रदर्शन देशातल्या पाच ठिकाणी फिरले, तेही बाजारू दालने टाळून. म्हणजे अमेरिकेतून आणण्यासारखे तेव्हाही दोन नमुने होते : एक वर्गणी काढून भाड्याची जागा घेणाऱ्या बायकांचा, आणि एक गोल टेबलांचा. आज पंचेचाळीस वर्षांनी आपण दुसरा उचलतो आहोत, आणि पहिल्याचे नाव कलामहाविद्यालयातल्या मुलींनाही सांगावे लागते.

आणि आपल्या पालघर जिल्ह्यात काय झाले? वारल्यांच्या घरी लग्न असले की भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा मान सवाशिणींचा. चौकात पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरीही बाईच. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांनी या चित्रांना कागद दिला, शहर दिले, आणि जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगभर झाले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती योग्यच होती. त्यांच्या रेषेतली ताकद खोटी म्हणायची माझी हिंमत नाही. पण भिंतीवर होते तोवर चित्र बायकांचे होते आणि बिनपैशाचे होते. कागदावर आले, पैसा आला, तसे ते बऱ्याच अंशी पुरुषांचे झाले. अलीकडे वारली मुली पुन्हा रंगवू लागल्या आहेत, पण मधल्या दोन पिढ्यांच्या सवाशिणींची नावे कुठल्याही सूचीत नाहीत. मान भिंतीवर राहिला, धन कागदाबरोबर गेले. आपल्या भाषेत या दोन्हींचा मिळून एक शब्द आहे, 'मानधन', आणि तो नेमका तिथे वापरतात जिथे पगार द्यायचा नसतो. विचारा कुठल्याही अंगणवाडी सेविकेला.

मग संस्थांनी पैसा आणायचा कुठून? हा प्रश्न मी टाळू शकत नाही, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने दुसऱ्या छोट्या संस्थेला तो पैसा देणे बंद झाले. तालुक्याच्या गावातल्या कितीतरी महिला मंडळांना तिथेच फटका बसला. उरला तो कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्वाचा पैसा. गंमत अशी, की २०१४ च्या सरकारी परिपत्रकानेच म्हटले होते की पुरस्कार-समारंभ, मॅरेथॉन वगैरे एकदाच होणारे कार्यक्रम या खर्चात धरता येणार नाहीत. जे सरकारलाही तेव्हा समाजकार्य वाटले नाही, ते आपल्याला वाटावे अशी सध्या खटपट चालू आहे.

मी ज्या संस्थेत काम करते तिथे हिंसाचार सोसलेल्या बायकांसाठी सल्ला केंद्र आहे. गेल्या पावसाळ्यात एका देणगीदाराकडून आम्हाला प्रस्ताव आला. मुंबईतल्या पाच स्त्री-चित्रकारांचा सत्कार, प्रत्येकीकडून एक चित्र भेट, त्यांचा लिलाव, आणि जमेल ती रक्कम आमच्या केंद्राला. रक्कम लहान नव्हती. अटी तीन होत्या. चित्रकारांना मोबदला नाही, कारण त्यांना 'व्यासपीठ' मिळते आहे. मिळालेला पैसा पगारावर खर्च करायचा नाही, दिसेल अशा वस्तूंवर करायचा. आणि केंद्रातल्या दोघींनी व्यासपीठावर येऊन आपली कहाणी सांगायची, पाच-पाच मिनिटे, जेवणाच्या आधी.

तिसरी अट वाचली तेव्हा मला लॉस एंजेलिसची ती टेबले आठवली. आमच्या बायका कपडे घालून येणार होत्या, एवढाच फरक. मार कुठे बसला, कसा बसला, हे पोलीस ठाण्यात सांगताना जिचा घसा सुकतो, तिने ते काटे-चमच्यांच्या आवाजात सांगायचे, आणि ते ऐकून कुणीतरी चित्रावर एक आकडा चढवायचा.

संस्थेच्या बैठकीत यावर दोन संध्याकाळ भांडण झाले. 'तत्त्वे जपायला केंद्र उघडे तर राहिले पाहिजे ना', असे आमच्या एका ज्येष्ठ ताई म्हणाल्या. त्यांच्या म्हणण्याला माझ्याकडे सोपे उत्तर नव्हते. शेवटी आम्ही नकार दिला नाही. उलट मागण्या कळवल्या. लिलावात येणाऱ्या किमतीतला निम्मा वाटा चित्रकारांना मिळावा, आणि ज्या नाव सोडून द्यायला तयार असतील त्यांनाच तो सोडू द्यावा, गृहीत धरू नये. समुपदेशकांचा पगार हाच केंद्राचा मुख्य खर्च आहे, तो मान्य करावा. बाईला शिलाईमशीन देण्याआधी तिच्याशी बोलायला कुणीतरी बसलेले असावे लागते. केंद्रातली कुठलीही बाई व्यासपीठावर येणार नाही. आणि त्या कार्यक्रमात वाढणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, हॉल झाडणाऱ्या बायकांना त्या रात्री काय मिळणार, तेही आम्हाला लेखी कळवावे. हा शेवटचा मुद्दा वाचून ते लोक हसले असतील. ज्या पाच चित्रकारांची नावे प्रस्तावात होती त्यांपैकी दोघींशी आम्ही परस्पर बोललो. एकीला आपले नाव यादीत आहे हेच माहीत नव्हते. दुसरीने सांगितले, गेल्या काही वर्षांत अशी चार चित्रे फुकट दिली, पण विकत मागायला त्यांतले कुणीही पुन्हा आले नाही.

आमचे पत्र जाऊन आता तीन महिने होत आले. उत्तर आलेले नाही. दोन समुपदेशकांच्या मानधनाची तरतूद मार्चअखेरपर्यंत आहे. दुसऱ्या कुठल्या संघटनेला असाच प्रस्ताव आला असेल, तर त्यांनी या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवावे, म्हणजे निदान अटी तरी सगळ्याजणींना एकत्र ठरवता येतील.